कैरोतला एक दिवस, पिरॅमिडच्या तीन टूर: ठिकाणं मोजू नका, तास मोजा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं चौघांचं कुटुंब डिसेंबरमध्ये इजिप्तला निघालं आहे: नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांची आई. आईंचे गुडघे दुखतात. पिरॅमिडसाठी कैरोत एकच दिवस हाताशी आहे आणि समोर तीन टूर आहेत. पहिली बसची, सगळ्यांत स्वस्त: गिझा, स्फिंक्स, मेम्फिस, सक्कारा, दाहशूर आणि म्युझियम, जेवणासकट. दुसरी खासगी गाडी आणि गाईडची, फक्त गिझा आणि सक्कारा, खर्च जवळजवळ दुप्पट. तिसरी म्हणजे गिझा, उंटावरची फेरी आणि म्युझियम. पैसे वसूल होतील अशी कोणती, आणि पिरॅमिडच्या आत जावं का, असं विचारलं आहे.

मी पुण्याहून टूर लीडर म्हणून २००८ पासून इजिप्तला ग्रुप घेऊन जाते. २०११ च्या तिथल्या क्रांतीनंतरची काही वर्षं सोडली तर जवळजवळ दर हिवाळ्यात. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की सविस्तरच लिहिते.

सगळ्यांत आधी, 'पैसे वसूल' याचा हिशेब आपण चुकीच्या आकड्यावर करतो. पैशांना ठिकाणांनी भागतो. सहा ठिकाणं असलेली टूर दोन ठिकाणांच्या टूरपेक्षा स्वस्त असली की ती फायद्याची वाटते. पण पिरॅमिड काही पळून जात नाहीत. एका दिवसात संपतात ते तास, आणि टूर विकत घेताना तुम्ही खरं तर आपले तास दुसऱ्याच्या हवाली करत असता. ते तो कशात घालवणार आहे, हे आधी विचारायला हवं.

तुमच्या पहिल्या टूरचे तास मांडून बघू. सकाळी ८ ते संध्याकाळी ५, म्हणजे ९ तास. बस चार-पाच हॉटेलांवरून माणसं गोळा करते, त्यात एक तास जातो. गिझा, तिथून मेम्फिस, सक्कारा, पुढे दाहशूर आणि परत शहरात म्युझियमकडे, असा प्रवास कैरोच्या ट्रॅफिकमध्ये तीन तासांच्या खाली येत नाही. जेवणाला एक तास. पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचं दुकान आणि अत्तराचं दुकान, प्रत्येकी चाळीस मिनिटं. एकूण सव्वासहा तासांच्या वर गेले. उरले साधारण २ तास ४० मिनिटं, आणि ठिकाणं सहा. प्रत्येकी सत्तावीस मिनिटं, त्यातच तिकिटं, स्वच्छतागृह आणि बसमध्ये चढउतार. आईंचे गुडघे धरून चालले तर बसमधून उतरून फोटो काढून परत चढायचं, एवढंच होईल. त्यातून डिसेंबरमध्ये कैरोत पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि त्याच्या आधीच दारं बंद व्हायला लागतात. यादीतलं शेवटचं ठिकाण बहुतेक वेळा राहूनच जातं.

दुकानांचं स्पष्टच सांगते. बसची टूर इतकी स्वस्त का पडते? कारण तिचा एक भाग दुकानदार भरतो. ग्रुपने केलेल्या खरेदीवर गाईडला, ड्रायव्हरला आणि एजंटला वाटा मिळतो. कार्यक्रमपत्रिकेत 'पपायरस इन्स्टिट्यूट', 'कार्पेट स्कूल' अशी नावं लिहिलेली असतात आणि आपल्याला वाटतं शैक्षणिक काहीतरी असेल. ती दुकानंच असतात. त्यात गुन्हा काही नाही, तिथल्या माणसांचं पोट त्यावर आहे, आणि कुणाला खरेदी करायची असेल तर जरूर करावी. पण तो वेळ कशातून कापला जातो ते मी पाहिलं आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका स्थानिक एजंटने माझा बावीस जणांचा ग्रुप अत्तराच्या दुकानात तासभर अडकवला. मी नवी होते, मला बोलता आलं नाही. सक्काराला पोचलो तेव्हा थडगी बंद करायला घेतली होती. ग्रुपमध्ये चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सक्काराच्या थडग्यांमधली भिंतीवरची कोरीव चित्रं बघायची म्हणून त्यांनी ही टूर घेतली होती. दारातून परतल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक एजंटकडून दुकानाचे थांबे किती आणि किती वेळाचे, हे लिहून घेते. तुम्हीही घ्या. 'एकही दुकान नको' असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि त्यावर येणारं उत्तर जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर ती टूर सोडा.

आता तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी.

पहिली म्हणजे आईंना सलग किती चालता येतं. घरात दुखणारे गुडघे वेगळे आणि वाळूत, उंचसखल दगडांवर दुखणारे वेगळे. थांबत थांबत दोन-तीनशे मीटर चालत असतील तर दुसरी टूर त्यांना झेपेल. तेवढंही जमत नसेल तर तिसरीचा विचार करा, उंट वगळून.

दुसरी, तुमच्या पुढच्या-मागच्या कार्यक्रमात म्युझियम आहे का. आणि 'म्युझियम' म्हणजे नेमकं कोणतं, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. कैरोत आता तीन मोठी म्युझियम आहेत. तहरीर चौकातलं जुनं, १९०२ सालचं. फुस्तातचं, तिथे २०२१ मध्ये राजांच्या ममी हलवल्या. आणि गिझाच्या पठाराशेजारचं नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम, नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलेलं. तूतनखामेन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदा एकत्र मांडल्या आहेत त्या या नव्या म्युझियममध्ये. गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाची लाकडी नावही पिरॅमिडशेजारून तिथेच आणली आहे. स्वस्त टूरवाले नुसतं 'म्युझियम' लिहितात आणि आपण मनात हे नवंच धरतो. नव्या म्युझियमला किमान चार तास हवेत, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस काढून करणं उत्तम. लिफ्ट आहेत, सावली आहे, आईंना ते सगळ्यांत सुखाचं जाईल.

बाकी, डिसेंबरची हवा छान असते. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी टोपी.

माझं मत विचाराल तर दुसरी टूर घ्या, आणि आधी सक्कारा, मग गिझा असा क्रम मागून घ्या. बहुतेक सगळे गिझा आधी करतात. मी उलटं का सांगते, तो या सगळ्या उत्तराचा गाभा आहे.

गिझाचा मोठा पिरॅमिड समोर आला की माणूस अवाक होतो आणि तिथेच थांबतो. मूळ उंची साधारण १४६ मीटर, आज १३८च्या आसपास, पायाची एक बाजू २३० मीटर. इतकं परिपूर्ण काही दिसलं की ते एकदम आभाळातून पडल्यासारखं वाटतं, आणि मग परग्रहवासीयांच्या गोष्टी सुरू होतात. सक्कारा आधी बघितलं की हे होत नाही. तिथे राजा जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इसवी सनापूर्वी सुमारे २६५० चा. त्याचा रचनाकार इम्होतेप. आधीच्या राजांची थडगी म्हणजे विटांचे बसके, चौकोनी ओटे, त्यांना मस्तबा म्हणतात. इम्होतेपनेही ओट्यापासूनच सुरुवात केली, फक्त दगडात. मग तो वाढवला, त्यावर चढते टप्पे रचून चार केले, नंतर सहा. तो विचार बदलत गेला, आणि त्याच्या खुणा बांधकामात आजही दिसतात.

आवारात शिरताना जे खांब लागतात, ते मुलाला हात न लावता जवळून बघायला सांगा. बोरूच्या मोळ्या बांधून उभ्या कराव्यात तसे ते कोरले आहेत, आणि सुटे उभे राहतील यावर बांधणाऱ्यांचा विश्वास नव्हता म्हणून मागच्या भिंतीला जोडलेले आहेत. बोरू, लाकूड, चटया यांनी घर बांधणारी माणसं पहिल्यांदा दगडाला हात घालत होती, आणि दगडातही त्यांना बोरूच दिसत होता. वेरूळचं दहावं लेणं आठवा. छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी फासळ्या आहेत, म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. नाशिककरांना हे खांब समजवावे लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

जोसेरनंतर दोन-तीन पिढ्यांनी स्नेफेरू राजा आला. दाहशूरला त्याचा एक पिरॅमिड आहे, खाली साधारण ५४ अंशांनी चढणारा आणि अर्ध्यावर एकदम ४३ अंशांवर वाकलेला. पाया नीट धरेना, तडे जायला लागले, म्हणून वरचा उतार कमी केला असं मानतात. मग त्याने उत्तरेला दुसरा बांधला, सुरुवातीपासूनच ४३ अंशांचा. तो लाल पिरॅमिड, पहिला खरा सपाट बाजूंचा. आणि स्नेफेरूचा मुलगा म्हणजे खुफू, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा राजा. जोसेरपासून खुफूपर्यंत फार तर शंभर वर्षं. तेवढ्या काळात चुका झाल्या, सुधारल्या आणि ही माणसं तिथवर पोचली. सक्कारावरून हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला दाहशूरचे दोन्ही पिरॅमिड दिसतात. गाईडला ते दाखवायला सांगा. प्रत्यक्ष जाण्याइतका वेळ तुमच्या दिवसात नाही, पण ही गोष्ट डोक्यात ठेवून दुपारी गिझाला उतरलात की अकरा वर्षांच्या मुलालाही समोरचं माणसांनी केलेलं काम म्हणून दिसेल.

मेम्फिस मी तुमच्या दिवसातून सरळ काढून टाकते. राजधानीचं शहर होतं ते, पण आज बघायला आहे ते लहानसं उघडं म्युझियम आणि त्यात आडवा ठेवलेला दुसऱ्या रामसेसचा प्रचंड पुतळा. नव्या म्युझियमच्या प्रवेशदालनात त्याच राजाचा ११ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. तो बघालच.

सक्काराला आईंसाठी मी आवर्जून सुचवते ते मेरेरुकाचं थडगं. मेरेरुका म्हणजे टेटी राजाचा वजीर. आत तीसहून जास्त खोल्या आणि भिंतींवर रोजचं आयुष्य: मासेमारी, पाणघोड्याची शिकार, दागिने घडवणारे बुटके सोनार, पकडून आडवा पाडलेल्या तरसाला बळेच भरवणारी माणसं. शेवटी एका कोनाड्यातून खुद्द मेरेरुका पाऊल पुढे टाकून बाहेर येतो आहे असा पुतळा. फार चढउतार नाही, सावली आहे, आणि दर दोन मिनिटांनी थांबून बघण्यासारखं काहीतरी असल्यामुळे गुडघ्यांना आपोआप विसावा मिळतो. वेळ उरला तर टी नावाच्या अधिकाऱ्याचं थडगं. तिथे गुरं नदीचा उतार ओलांडताहेत, एका गुराख्याने वासरू पाठीवर घेतलं आहे आणि ते मान वळवून मागे आईकडे बघतं आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने गोठा पाहिलेला होता, यात शंका राहत नाही.

आत जावं का? मुलाला घेऊन तुम्ही जा, आईंनी नाही. मोठ्या पिरॅमिडचं आतलं तिकीट वेगळं आणि बरंच महाग असतं. वाकून चालावं लागेल असा जेमतेम सव्वा मीटर उंचीचा तीव्र चढ, मग एकदम उंच होणारा मोठा चिंचोळा बोळ, आणि वर ग्रॅनाइटची खोली. खोलीत रिकामी दगडी शवपेटी. भिंतींवर एक अक्षर नाही, एक चित्र नाही. हवा कोंदट, समोरून उतरणाऱ्यांची गर्दी. रक्तदाबाचा, दम्याचा किंवा बंद जागेच्या भीतीचा त्रास असणाऱ्या कुणालाही मी आत पाठवत नाही. तरीही त्या खोलीत उभं राहून डोक्यावरच्या दगडांचा विचार करणं ज्यांना हवं असतं, त्यांचे पैसे वाया जात नाहीत. 'आत काय बघायला मिळेल' एवढंच हवं असेल तर मात्र सक्काराला टेटीचा किंवा उनासचा पिरॅमिड उघडा आहे का ते विचारा. बाहेरून दगडमातीचे ढिगारे दिसतात, पण आत भिंतीभर कोरलेली मृत्यूनंतरच्या प्रवासाची वचनं आहेत आणि छतावर चांदण्या. कोणता उघडा असेल ते दुरुस्तीनुसार बदलतं, म्हणून आदल्या दिवशी गाईडकडून खात्री करा.

गिझाबद्दल जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका. पूर्वी आपली गाडी पिरॅमिडच्या पायथ्यापर्यंत जायची. २०२५ पासून फायूमच्या रस्त्याकडच्या नव्या दाराने शिरायचं, गाडी बाहेर ठेवायची आणि आत विजेच्या बसने थांब्याथांब्याने फिरायचं अशी व्यवस्था आहे. आईंच्या दृष्टीने हे चांगलंच. मोठ्या पिरॅमिडभोवती मात्र पायी फेरी मारायला निघू नका, ती नऊशे मीटरपेक्षा जास्त भरते. शिवाय दुपारी जाण्याची एक खोट आधीच सांगते: स्फिंक्सचं तोंड पूर्वेला आहे, म्हणून दुपारी त्याचा चेहरा सावलीत असतो. त्याचा फोटो तुमच्यासाठी फार महत्त्वाचा असेल तर गिझा आधी करा, मी वाद घालणार नाही. माझे ग्रुप साडेबारा-एकपर्यंत गिझाला पोचतात, तेव्हा सकाळच्या बस निघायला लागलेल्या असतात आणि उजेड संपायच्या आत तीन तास निवांत मिळतात.

उंटावर कुणीच बसू नका असं मी म्हणत नाही, पण आईंना बसवू नका. उंट आधी मागचे पाय उचलतो, बसलेला माणूस जोरात पुढे फेकला जातो, आणि तेव्हा खोगीर घट्ट धरायला गुडघ्यांनी जोर लावावा लागतो. मुलाला हौस असेल तर जनावर नीट बघून घ्या. जखमा असतील, हाडं दिसत असतील, मालक सारखा मारत असेल, तर मुलाला कारण सांगून पुढे चला. आणि ठरवलेले पैसे परत येऊन खाली उतरण्यापर्यंतचे आहेत, हे गाईडकरवी अरबीत बोलून घ्या.

आता गाईड. दुप्पट पैसे द्यायचे ते खरं तर त्याच्यासाठी, कारण गाडी सगळ्यांची सारखीच असते. इजिप्तमध्ये परवाना असलेल्या इजिप्शियन गाईडनेच स्थळावर माहिती सांगायची असा नियम आहे. मी स्वतः तिथे गप्प असते, माझं सगळं बोलणं आदल्या रात्री हॉटेलवर उरकते. तेव्हा माणूस चांगला असणं फार गरजेचं आहे. बुक करताना विचारा: गाईड परवानाधारक आहे ना, दिवसभर आमच्याबरोबर असेल ना, की फक्त ड्रायव्हर येऊन 'आत तुम्ही जाऊन या' म्हणेल? स्वस्त खासगी टूरमध्ये असं सर्रास होतं. शक्य असेल तर गाईडशी आधी पाच मिनिटं फोनवर बोला आणि एकच प्रश्न विचारा, पिरॅमिड कुणी बांधले? 'गुलामांनी' म्हणून विषय संपवला तर दुसरा मागा. चांगला गाईड मजुरांच्या थडग्यांबद्दल सांगेल. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय गिझाच्या वाळूतल्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि ती सापडली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत मानाने पुरलेली ती माणसं. किंवा तो मेरेर नावाच्या मुकादमाबद्दल सांगेल. त्याची पपायरसवरची रोजनिशी २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला मिळाली. तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेने गिझाला कसा नेला, आज कुठे मुक्काम केला, हे त्याने खुफूच्या काळातच लिहून ठेवलं आहे. दुकानातल्या पपायरसपेक्षा तुमच्या मुलाला हा पपायरस नक्की जास्त आवडेल.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी. मोठ्या स्थळांच्या तिकीट खिडकीवर आता रोख पैसे घेत नाहीत, परदेशात चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ ठेवा आणि निघण्याआधी बँकेकडून सुरू करून घ्या. टूरच्या किमतीत तिकिटं धरली आहेत का आणि कोणती, हे लिहून घ्या. 'प्रवेश समाविष्ट' यात आतली वेगळी तिकिटं सहसा नसतात. सुट्ट्या नोटा हव्यातच. बक्षीस हा शब्द आपला आणि त्यांचा एकच आहे, आणि थडग्यातला रखवालदार दिवा धरून कोपरा दाखवतो तेव्हा त्याची तीच अपेक्षा असते. नको असेल तर सुरुवातीलाच हसून 'ला, शुक्रन' म्हणा. शाकाहारी असाल तर ठरलेल्या बुफेऐवजी कोशरी मागा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट-तिखट चटणी. मुलोखिया ही हिरवी पातळ भाजी दिसते शाकाहारी, पण ती बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्शात शिजवतात, विचारून घ्या.

तेव्हा दुसऱ्या टूरवाल्यांना आजच लिहा: सकाळी ७ वाजता निघायचं, ८ ते साडेअकरा सक्कारा, वाटेत जेवण, एक ते चार गिझा, दुकान नाही, उंट नाही, परवानाधारक गाईड दिवसभर बरोबर. आईंसाठी घडीचं हलकं स्टूल पुण्या-नाशिकच्या कोणत्याही ट्रेकिंगच्या दुकानात मिळतं, ते बॅगेत टाका. जोसेरच्या आवारातल्या खांबांच्या बाजूला सावली असते, आई तिथे ते टाकून बसू शकतील. टेटीचा पिरॅमिड उघडा असेल आणि तुम्ही व मुलगा त्यात उतराल, तेव्हा आई आणि तुमच्या पत्नी शेजारीच मेरेरुकाच्या थडग्यात असतील. गाईडला तुमच्याबरोबर नका नेऊ, पिरॅमिडच्या आत त्याचं काही काम नसतं. त्याला आईंबरोबर पाठवा.